तात्पुरत्या डेटासाठी साठवणीची जागा कशी सांभाळावी

एखादी मोठी गणना, चित्रफितीचे संपादन किंवा डेटाचे विश्लेषण सुरू झाले की मूळ सामग्री आणि अंतिम निकाल यांच्या मधल्या टप्प्यांवर असंख्य फाइली तयार होतात. उघडलेले संग्रह, क्रमवारी लावताना पडलेले तुकडे, अर्धवट कामाचे चेकपॉइंट (काम पुढे तिथूनच सुरू करता यावे म्हणून जतन केलेली स्थिती), प्रोग्रामने लिहिलेल्या नोंदी, कंपायलरने मागे ठेवलेल्या मधल्या फाइली हे सारे त्यात येते. यांतील काहींचे आयुष्य काही सेकंदांचे, तर काहींचे काही आठवड्यांचे असते; मात्र त्यांचा एकत्रित आकार पुष्कळदा मूळ सामग्री आणि निकाल यांच्या बेरजेपेक्षा मोठा भरतो. त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था नसेल तर दोन प्रकारे नुकसान होते. एक तर डिस्क भरते आणि त्या यंत्रावर काम करणाऱ्या सगळ्यांचेच काम अडते. किंवा टिकवायला हवी होती अशी फाइल तात्पुरत्या जागेत पडून राहते आणि एके दिवशी नियमानुसार पुसली जाते. यांपैकी दुसरे नुकसान मला अधिक गंभीर वाटते, कारण भरलेली डिस्क रिकामी करता येते, पण जिचा बॅकअपच नव्हता अशी फाइल परत आणता येत नाही.

हा लेख प्रामुख्याने अशा वाचकांसाठी आहे ज्यांना सामायिक लिनक्स सर्व्हरवर किंवा गणनेच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांच्या समूहावर) नुकतेच खाते मिळाले आहे. स्वतःच्या संगणकावर काम करणाऱ्यांनाही यातील बराचसा भाग जसाच्या तसा लागू पडतो.

पायरी १: फाइल तयार होण्यापूर्वी तीन प्रश्न

एखादी फाइल तात्पुरती आहे की नाही, हे तिच्या नावावरून किंवा आकारावरून कळत नाही. ते ती निर्माण करणाऱ्याने ठरवायचे असते, आणि फाइल निर्माण होण्यापूर्वीच ठरवायचे असते. सहा महिन्यांनी अनोळखी वाटणाऱ्या फोल्डरांची यादी समोर आल्यावर हा निर्णय जवळपास अशक्य होतो. म्हणून प्रत्येक प्रकारच्या फाइलीसाठी तीन प्रश्न विचारावेत. ही फाइल हरवली तर पुन्हा तयार करता येईल का, आणि त्याला किती वेळ लागेल? तिची गरज कुठपर्यंत आहे? आणि ती कोण पुसणार आहे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना घाई करू नये. ‘पुन्हा तयार करता येईल’ असे म्हणण्यासाठी मूळ सामग्री सुरक्षित असणे पुरेसे नाही. ज्या स्क्रिप्टने ती फाइल बनली ती स्क्रिप्ट, वापरलेल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती, दिलेले पर्याय आणि गणनेत यादृच्छिक संख्या असतील तर त्यांचे बीज (त्या संख्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) हे सर्व जपलेले असावे लागते. ही माहिती आकाराने अगदी लहान असते. ती होम फोल्डरमध्ये, शक्यतो गिटसारख्या आवृत्ती-व्यवस्थेत ठेवावी. इतकी काळजी घेतली की शेकडो जीबीच्या फाइली निर्धास्तपणे पुसता येतात. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलींबाबतही हाच विचार करावा, कारण आज जिथून फाइल मिळाली तिथे ती पुढेही त्याच रूपात असेल याची खात्री नसते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शक्यतो तारखेत न देता घटनेत द्यावे: ‘पुढचा टप्पा यशस्वी होईपर्यंत’, ‘निकालाची पडताळणी होईपर्यंत’. घटना ठरलेली असली की पुसण्याचे काम स्क्रिप्टमध्येच लिहिता येते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘यंत्रणा पुसेल’ असे असेल तर ती यंत्रणा कोणत्या नियमाने आणि किती दिवसांनी पुसते हे आपल्याला नेमके माहीत असायला हवे. त्याविषयी पुढे विस्ताराने लिहिले आहे.

पायरी २: सर्वाधिक जागा कोणत्या क्षणी लागेल याचा हिशेब

नवखे वापरकर्ते बहुधा मूळ फाइल आणि निकाल यांचाच आकार मोजतात. प्रत्यक्षात महत्त्वाचा असतो तो कामादरम्यानचा सर्वांत जड क्षण. समजा, ४० जीबीची एक संकुचित फाइल आहे, ती उघडली की १६० जीबीची होते आणि तिच्यातील ओळींची क्रमवारी लावायची आहे. क्रमवारीसाठी वापरली जाणारी सॉर्ट ही कमांड मेमरीत न मावणारा डेटा तुकड्यातुकड्यांनी डिस्कवर लिहिते आणि मग ते तुकडे एकत्र करते. म्हणजे एका क्षणी ४० जीबीची मूळ फाइल, १६० जीबीची उघडलेली फाइल, साधारण तितक्याच आकाराचे तुकडे आणि पूर्ण होत आलेला १६० जीबीचा निकाल असा सुमारे ५२० जीबीचा भार डिस्कवर असतो.

हाच भार कमी करण्याचे मार्ग सोपे आहेत. मूळ फाइल डिस्कवर उघडून ठेवण्याऐवजी उघडणाऱ्या प्रोग्रामचे उत्पादन पाइपद्वारे (एका कमांडचे उत्पादन सरळ दुसरीला देण्याच्या सोयीने) थेट सॉर्टला दिले तर १६० जीबी वाचतात. निकालही पाइपद्वारे संकुचित करूनच लिहिला तर आणखी सुमारे १२० जीबी वाचतात. जीएनयू सॉर्टला तर तुकडे संकुचित करून लिहायला सांगणारा आणि ते कोणत्या फोल्डरमध्ये लिहावेत हे सांगणारा, असे दोन वेगळे पर्यायही देता येतात. जागा मागण्यापूर्वी कामाची मांडणी अशी तपासून पाहावी, कारण जी फाइल डिस्कवर उतरलीच नाही ती पुसण्याचा प्रश्नच उरत नाही.

पायरी ३: योग्य जागा निवडणे

लिनक्सवर तात्पुरत्या डेटासाठी एकच जागा नसते, आणि प्रत्येक जागेची हमी वेगळी असते.

सर्वांत परिचित म्हणजे मुळाशी असलेले टीएमपी हे फोल्डर. लिनक्सच्या फोल्डर-रचनेचे जे प्रमाण मानक आहे, त्यानुसार प्रोग्राम एकदा संपून पुन्हा सुरू झाला तर त्याने येथील आपली फाइल शिल्लक असेल असे गृहीत धरू नये. व्हार या फोल्डरच्या आत याच नावाचे दुसरे फोल्डर असते. तेथील फाइली संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही टिकाव्यात अशी अपेक्षा असते. कित्येक तास चालणाऱ्या कामाच्या मधल्या फाइलींसाठी हे दुसरे फोल्डर अधिक योग्य ठरते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेणे आवश्यक आहे. अनेक वितरणांत पहिले टीएमपी फोल्डर डिस्कवर नसून टीएमपीएफएस या फाइल-व्यवस्थेवर, म्हणजे रॅममध्ये असते. फेडोराने २०१३ मध्ये आलेल्या १८व्या आवृत्तीपासून आणि डेबियनने २०२५ मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीपासून हीच पद्धत मूळ मांडणी म्हणून स्वीकारली. टीएमपीएफएसची कमाल मर्यादा, वेगळी ठरवून दिली नसेल तर, एकूण रॅमच्या निम्मी असते. ही जागा अतिशय जलद असते. परंतु तिथे २० जीबीची फाइल लिहिली की तेवढी मेमरी अडते किंवा स्वॅपमध्ये, म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरील जागेत, ढकलली जाते, आणि कंटेनरला (प्रोग्राम वेगळा ठेवून चालवण्याच्या कप्प्याला) किंवा जॉबला (क्लस्टरवर चालवायला दिलेल्या कामाला) मेमरीची मर्यादा असेल तर ही फाइलही त्या मर्यादेत मोजली जाते. प्रोग्रामला मुळात थोडीच मेमरी लागत असतानाही तो मेमरी अपुरी पडल्यामुळे बंद पडला, तर कारण येथे शोधावे. संगणक बंद झाला की येथील सर्व काही नाहीसे होते, हे वेगळे सांगायला नको.

क्लस्टरवर याशिवाय बहुधा तीन जागा मिळतात. होम फोल्डर लहान असते, त्याला कोटा असतो आणि सामान्यतः त्याचा बॅकअप घेतला जातो. स्क्रॅच ही मोठी, सर्व नोडना (क्लस्टरमधील एकेका संगणकाला) दिसणारी जागा लस्टरसारख्या समांतर फाइल-व्यवस्थेवर असते. तिचा बॅकअप जवळजवळ कुठेच नसतो आणि ठरावीक दिवसांनी तेथील जुन्या फाइली पुसल्या जातात. तिसरी जागा म्हणजे प्रत्येक नोडची स्वतःची डिस्क, जी फक्त त्या नोडवर चालणाऱ्या जॉबला दिसते आणि जॉब संपताच रिकामी केली जाऊ शकते. लहान लहान फाइली लाखांच्या संख्येने वाचायच्या किंवा लिहायच्या असतील तर नोडचीच डिस्क वापरावी असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. लस्टरमध्ये फाइलींची नावे, परवानग्या आणि वेळा यांची नोंद वेगळ्या मेटाडेटा-सर्व्हरवर असते. प्रत्येक फाइल उघडताना त्याला विचारावे लागते आणि एका वापरकर्त्याच्या लाखो विनंत्यांमुळे सगळ्यांचेच काम मंदावते. अशा फाइलींचा एकच संग्रह करून तो स्क्रॅचमध्ये ठेवावा, जॉब सुरू होताच नोडच्या डिस्कवर उघडावा, काम करावे आणि निकालाचा पुन्हा एकच संग्रह करून परत आणावा.

भाड्याच्या क्लाउड-यंत्रांवरही असेच भेद आहेत. अ‍ॅमेझॉनच्या ईसीटू सेवेत यंत्रासोबत मिळणारी इन्स्टन्स स्टोअर ही जागा यंत्र केवळ रीबूट केले तर टिकते. मात्र ते थांबवले किंवा कायमचे बंद केले की तेथील डेटा जातो. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीज या व्यवस्थेतील एम्प्टीडिर ही जागा कंटेनर कोसळून पुन्हा सुरू झाला तरी टिकते, पण तो कंटेनर ज्या पॉडमध्ये (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या गटात) आहे तो पॉड नोडवरून हटवला की पुसली जाते.

पायरी ४: मोजमाप

काम सुरू करण्यापूर्वी डीएफ या कमांडने त्या डिस्कवर किती जागा मोकळी आहे ते पाहावे, आणि डीयूने आपले कोणते फोल्डर किती जागा घेते ते पाहावे. क्लस्टरवर यासोबत आपला कोटाही तपासावा, कारण डिस्क मोकळी असूनही आपला वाटा संपलेला असू शकतो.

डिस्कवर जागा दिसत असूनही ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश येण्याची आणखी दोन कारणे नवख्यांना गोंधळात टाकतात. एक म्हणजे इनोड (प्रत्येक फाइलीमागे लागणारी नोंदीची जागा) संपणे: ईएक्सटी४ सारख्या फाइल-व्यवस्थेत किती फाइली असू शकतात ही संख्या डिस्क तयार करतानाच ठरते, आणि अगदी छोट्या फाइलींनी ती गाठली की बाकीची जागा असून नसल्यासारखी होते. डीएफला इनोडसाठीचा पर्याय दिला की हे आकडे दिसतात. दुसरे म्हणजे ईएक्सटी४ मध्ये ५ टक्के जागा रूट या व्यवस्थापकीय वापरकर्त्यासाठी राखून ठेवण्याची मूळ पद्धत, ज्यामुळे सामान्य वापरकर्त्यासाठी डिस्क थोडी आधीच भरते.

पायरी ५: तात्पुरती फाइल नीट तयार करणे आणि तिची सफाई तिथेच लिहिणे

टीएमपी फोल्डर सर्वांसाठी खुले असते. त्यावर स्टिकी बिट लावलेला असल्यामुळे एकाची फाइल दुसरा पुसू शकत नाही, पण कोणत्याही नावाची नवी फाइल मात्र कोणीही तयार करू शकतो. त्यामुळे स्क्रिप्टमध्ये ‘निकाल’ किंवा ‘डेटा१’ असे सहज ओळखता येणारे नाव देणे धोक्याचे आहे: दुसऱ्या कोणी त्याच नावाची सांकेतिक जोडणी (दुसऱ्या फाइलीकडे नेणारा दुवा) आधीच करून ठेवली तर आपला प्रोग्राम भलत्याच फाइलीवर लिहू शकतो, आणि दुष्ट हेतू नसला तरी एकाच स्क्रिप्टच्या दोन प्रती एकाच वेळी चालल्या की त्या एकमेकींच्या फाइली बिघडवतात. यावरचा उपाय म्हणजे मेकटेम्प ही कमांड. ती अंदाज न करता येणाऱ्या नावाची फाइल तयार करते आणि ती वाचण्या-लिहिण्याची परवानगी फक्त मालकाला देते. मी तर फाइलीऐवजी नेहमी संपूर्ण फोल्डर तयार करून घेण्याची शिफारस करतो, कारण मग कामाच्या सर्व मधल्या फाइली त्याच एका फोल्डरमध्ये राहतात आणि शेवटी एकच गोष्ट पुसावी लागते.

हे फोल्डर कुठे व्हावे हे टीएमपीडीआयआर या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने ठरते. पायथन, सॉर्ट, मेकटेम्प अशी बहुतांश साधने त्याचा मान राखतात; म्हणून जॉबच्या सुरुवातीलाच त्यात नोडच्या डिस्कवरील किंवा स्क्रॅचमधील आपल्या फोल्डरचा मार्ग भरावा. हा एवढा एक बदल केला की कितीतरी प्रोग्राम रॅममधील लहान जागा भरून टाकण्याचे थांबतात.

फोल्डर तयार केल्याच्या लगेच पुढच्या ओळीत, अन्य काही लिहिण्यापूर्वी, ते पुसण्याची व्यवस्था लिहावी. बॅशमध्ये ट्रॅप ही कमांड एक्झिट या संकेतावर लावली की स्क्रिप्ट यशस्वी होऊन संपो, चूक येऊन थांबो किंवा वापरकर्त्याने मधेच थांबवो, सफाई होतेच. पायथनमध्ये टेम्पफाइल या मॉड्यूलमधील तात्पुरते फोल्डर विथ या रचनेत वापरले तर तेच साधते. पुसण्याच्या ओळीत व्हेरिएबल वापरताना ते रिकामे असल्यास कमांड तिथेच थांबेल असे लिहावे; बॅशमध्ये नावापुढे विसर्ग-चिन्हासारखे दोन टिंब आणि प्रश्नचिन्ह घालून ही अट लावता येते. रिकाम्या व्हेरिएबलपुढे तिरकी रेघ असली की पुसण्याची आज्ञा थेट मुळाच्या फोल्डरवर जाऊन पडते, म्हणून ही दोन चिन्हे कधीही गाळू नयेत.

सक्तीने बंद करण्याचा किल हा संकेत आला, किंवा वीज गेली, तर कोणताही ट्रॅप चालत नाही. म्हणून मागे राहिलेल्या फोल्डरांसाठी दुसरी फळी लागतेच.

पायरी ६: यंत्रणेचे पुसण्याचे नियम जाणून घेणे

सिस्टमडी ही सेवा सांभाळणारी प्रणाली वापरणाऱ्या लिनक्सवर ही दुसरी फळी टीएमपीफाइल्स या सेवेची असते. ती संगणक सुरू झाल्यावर १५ मिनिटांनी आणि त्यानंतर रोज एकदा चालते. तिच्या मूळ मांडणीत पहिल्या टीएमपी फोल्डरमधील फाइलींची मुदत १० दिवस आणि व्हारमधील फोल्डरची ३० दिवस असते. वितरण किंवा व्यवस्थापक हे आकडे बदलू शकतात. फाइल शेवटची वाचली केव्हा, तिचा मजकूर बदलला केव्हा आणि तिच्या नोंदीत बदल झाला केव्हा या तिन्ही वेळा मुदतीपलीकडे गेल्या असतील तरच ती पुसली जाते.

स्क्रॅचचे नियम प्रत्येक केंद्रावर निराळे असतात, आणि खाते मिळताच ते वाचणे हे नवख्याचे पहिले काम मानावे. मुदत किती दिवसांची आहे याइतकेच ती कोणत्या वेळेपासून मोजतात हे महत्त्वाचे आहे. टार या साधनाने संग्रह उघडला की आतील फाइलींना त्यांच्या मूळ बदलाच्या वेळाच परत मिळतात; त्यामुळे केवळ बदलाची वेळ पाहणाऱ्या नियमापुढे आज उघडलेली फाइलही दोन वर्षे जुनी ठरते आणि त्याच रात्री पुसली जाऊ शकते. अशा ठिकाणी संग्रह उघडताना मूळ वेळा न राखण्याचा पर्याय द्यावा. दुसरीकडे, शेवटच्या वाचनाची वेळ मोजणाऱ्या नियमावरही फार बारकाईने विसंबू नये: लिनक्स २००९ पासून मूळ मांडणीत ही वेळ प्रत्येक वाचनाला नोंदवत नाही, आधीची नोंद २४ तासांपेक्षा जुनी असेल किंवा त्यानंतर फाइल बदललेली असेल तरच ती पुढे सरकवते.

मुदत टाळण्यासाठी टच कमांडने सर्व फाइलींच्या वेळा ताज्या करत राहणे बहुतेक केंद्रांवर नियमबाह्य आहे, आणि माझ्या मते ते अनुचितही आहे, कारण आपण अडवलेली जागा दुसऱ्या कोणाच्या तरी कामाची असते. फाइल मुदतीपलीकडे लागणार असेल तर ती तात्पुरती नव्हतीच; तिची जागा प्रकल्पाच्या कायम साठवणीत आहे.

पायरी ७: निकाल बाहेर काढणे

क्रम नेहमी तोच ठेवावा: आधी प्रत, मग पडताळणी, मग पुसणे. प्रतीसाठी आरसिंक वापरावे, कारण मधेच तुटलेले काम ते पुढे चालू करू शकते. पडताळणीसाठी मूळ जागी प्रत्येक फाइलीचा एसएचए२५६ चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढून तो कायम साठवणीतील प्रतीशी जुळवावा. फक्त आकार जुळतो म्हणून मूळ फाइल पुसू नये.

जॉबची वेळ संपण्याच्या शेवटच्या क्षणी प्रत करायला घेणे ही नेहमीची चूक आहे. स्लर्म या जॉब-व्यवस्थापकाच्या मूळ मांडणीत वेळ संपल्याचा संकेत आणि सक्तीने बंद करणे यांत फक्त ३० सेकंदांचे अंतर असते. स्लर्मला जॉब सादर करतानाच वेळ संपण्याच्या काही मिनिटे आधी संकेत पाठवायला सांगता येते. तो संकेत मिळताच चेकपॉइंट लिहून तो नोडच्या डिस्कवरून स्क्रॅचवर हलवण्याची व्यवस्था स्क्रिप्टमध्ये असावी. चेकपॉइंट लिहिताना आधी वेगळ्या नावाने पूर्ण फाइल लिहावी आणि मग तिचे नाव बदलावे. एकाच फाइल-व्यवस्थेवर नाव बदलणे अखंड घडते, त्यामुळे काम मधेच तुटले तरी आधीचा चांगला चेकपॉइंट शाबूत राहतो.

संवेदनशील डेटाबाबत वेगळी दक्षता घ्यावी लागते. फाइल पुसली म्हणजे तिचे नाव आणि जागेवरचा ताबा गेला, मजकूर लगेच नष्ट झाला असे नाही. एसएसडीवर तर जुन्या जागेवर नवे लिहून मजकूर पुसण्याची साधने भरवशाची नसतात, कारण डिस्कचा नियंत्रक नवे लेखन दुसऱ्याच पेशींवर करतो. असा डेटा पहिल्यापासून कूटबद्ध डिस्कवरच ठेवावा.

डिस्क भरल्यावर काय करावे

सर्वप्रथम नवी कामे थांबवावीत, मग डीयूने स्वतःच्या फोल्डरांपासून शोध सुरू करावा. टीएमपी फोल्डर संपूर्ण रिकामे करण्याचा मोह टाळावा. तेथे चालू प्रोग्रामचे सॉकेट (प्रोग्रामांच्या आपसातील संवादाची टोके) आणि कुलूप-फाइली असतात, आणि त्या गेल्या की धडधाकट प्रोग्रामही अडखळतात.

मोठी फाइल पुसूनही जागा वाढली नाही, तर ती एखाद्या चालू प्रोग्रामने उघडून ठेवलेली आहे असे समजावे. लिनक्समध्ये शेवटचा वापरकर्ता प्रोग्राम ती बंद करेपर्यंत जागा मोकळी होत नाही. डीयूला ती दिसत नाही, पण डीएफच्या हिशेबात ती असते. एलएसओएफ या कमांडने पुसलेल्या पण उघड्या फाइलींची यादी काढून त्या प्रोग्रामला पुन्हा सुरू करावे. वाढतच जाणाऱ्या नोंद-फाइलीबाबत म्हणूनच ती पुसण्यापेक्षा ट्रंकेटने तिची लांबी शून्यावर आणणे बरे.

जुन्या फाइली फाइंड कमांडने शोधून पुसताना पहिल्यांदा केवळ यादी छापून पाहावी आणि ती डोळ्यांखालून घालावी. पुसण्याचा पर्याय कमांडच्या अगदी शेवटी, सर्व अटींनंतर लिहावा, कारण फाइंड डावीकडून उजवीकडे वाचते आणि अटीआधी आलेला पुसण्याचा पर्याय अट न पाहताच अमलात येतो.

स्वतःच्या विंडोज संगणकावर हेच काम सेटिंग्जमधील स्टोरेज सेन्सवर सोपवता येते. तिथे डाउनलोड फोल्डरसाठीचा पर्याय आपण स्वतःहून चालू केल्याशिवाय त्यातील फाइली पुसल्या जात नाहीत. तो चालू करण्यापूर्वी त्या फोल्डरमधील टिकवायच्या फाइली दुसरीकडे हलवाव्यात. क्लाउडच्या ऑब्जेक्ट-साठवणीत तात्पुरत्या फाइलींच्या नावांना वेगळा उपसर्ग ठेवून त्यावर ठरावीक दिवसांनी पुसण्याचा लाइफसायकल नियम लावावा, आणि त्याच वेळी अर्धवट राहिलेले बहुखंडी अपलोड रद्द करण्याचा नियमही जोडावा, कारण असे तुकडे फाइलींच्या नेहमीच्या यादीत दिसत नाहीत, पण त्यांचे शुल्क मात्र आकारले जात राहते.